सैल हाताचं अक्षर

नाशिकच्या कॉलेज रोडवर पाट्या वाचत निघालं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कॅफेचं, बेकरीचं, बुटीकचं नाव रोमन लिपीत छान ब्रशने ओढल्यासारखं असतं, मोकळं आणि जरा हसरं. त्याच्याच वर किंवा शेजारी तेच नाव मराठीत असतं, पण मंगलमध्ये किंवा तसल्याच एखाद्या सरळसोट फॉन्टमध्ये, नुसतं बसवून दिलेलं. २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाटीवरची मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत असं ठरलं. आकार सांभाळला गेला. अक्षराचा स्वभाव मात्र सांभाळायचा राहून गेला. यात मंगलचा काही दोष नाही. सुलेखनकार र. कृ. जोशींनी तो मायक्रोसॉफ्टसाठी रेखाटला, कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाचता यावा म्हणून. मिसळीच्या हॉटेलावर तीन फुटी उंचीत चढवण्यासाठी तो कधीच नव्हता.

तिथे हवा असतो तो हस्ताक्षरी वळणाचा शीर्षक-फॉन्ट, म्हणजे कुणीतरी मार्करने किंवा ब्रशने घाईघाईत पण प्रेमाने लिहिल्यासारखा वाटणारा. देवनागरीत असे फॉन्ट कमी आहेत, आणि जे आहेत ते बरेचदा चुकीच्या जागी वापरले जातात. दोन्हींचं एक मोठं कारण सारखंच, असं माझं मत आहे. देवनागरीतला सैलपणा नेमका कुठे असतो याचा पुरेसा विचार होत नाही. अक्षरांच्या कडा थरथरत्या केल्या की हस्ताक्षर होतं असं समजलं जातं. खरं तर तो सैलपणा दोन ठिकाणी राहतो: शिरोरेघेत आणि कान्यात.

हाताने लिहिताना आपण आधी अक्षरं लिहितो आणि शब्द पुरा झाल्यावर वरून एका झटक्यात रेघ ओढतो. पाट्या रंगवणारे पेंटरही असंच करत. खडूच्या दोरीने वरची आणि खालची अशा दोन ओळी मारायच्या, अक्षरं मोजून जागा वाटून घ्यायची, चपट्या ब्रशने अक्षरांची अंगं भरायची आणि शिरोरेघ शेवटी, श्वास रोखून. मोडी लिपीत उलटं होतं. तिथे रेघ आधी, पानभर, आणि मग अक्षरं तिला खालून लटकवायची. दोन्हींत एक गोष्ट समान आहे: रेघ ही शब्दाची किंवा ओळीची असते, एकट्या अक्षराची नसते. म्हणूनच हाताच्या लिखाणात ती किंचित वर चढते, मध्ये जाड होते, टोकाला निसटते.

फॉन्टमध्ये मात्र प्रत्येक अक्षराला आपल्या वाट्याचा रेघेचा तुकडा स्वतःबरोबर आणावा लागतो. ‘गोदावरी’ या शब्दात रेघेचे असे सात तुकडे एकमेकांना जुळतात. तुकड्यांची टोकं एकाच उंचीला, एकाच जाडीची आणि उभी सपाट कापलेली नसतील तर प्रत्येक सांध्यावर खाच दिसते. त्यामुळे चांगल्या हस्ताक्षरी फॉन्टमध्ये रेघेचा खडबडीतपणा तुकड्याच्या मधल्या भागातच ठेवतात, टोकं कडक शिस्तीची. फॉन्टचं अक्षर ज्या हजार एककांच्या चौकटीत रेखाटतात तिच्यात रेघ समजा ७० एकक जाड असेल, तर दोन्ही टोकांना ती बरोबर ७० हवी, मध्ये ६२ ते ७८ चालेल. शिवाय प्रत्येक तुकडा शेजारच्या अक्षरावर १० ते २० एकक चढवावा लागतो. नुसता टोकाला टोक लावून ठेवला तर लहान आकारात पडद्यावर मध्ये पांढरी केसभर फट दिसते.

रेघ वर चढणारी करायची हौस इथे सोडून द्यावी लागते, कारण प्रत्येक तुकडा चढला की पुढचा पुन्हा खालून सुरू होतो आणि पायऱ्या तयार होतात. मग उसळी आणायची कुठून? पायातून. अक्षरांची खालची टोकं एका ओळीत न ठेवता १५ ते २५ एकक वरखाली ठेवली की वरची रेघ सरळ असूनही शब्द हातचा वाटतो. रोमन हस्ताक्षरी फॉन्ट पाहून देवनागरी करणारे नेमके इथे फसतात. रोमन अक्षरं खालच्या ओळीवर उभी असतात, त्यांची नाचानाच वर दिसते. आपली अक्षरं वरून टांगलेली, त्यांचं नाचणं खाली हवं.

आता काना. मराठी मजकुरात उभ्या दांडीइतकं वारंवार येणारं दुसरं काही नाही. स्वतंत्र काना आहेच, शिवाय ग, त, न, प, म, स अशा निम्म्याहून जास्त व्यंजनांच्या अंगात ती असते. सगळ्या दांड्या एकाच कलाच्या, एकाच लांबीच्या ठेवल्या तर अक्षराचं बाकी वळण कितीही मोकळं असो, ओळ लोखंडी कुंपणासारखी दिसते. म्हणून कान्याचे निदान चार नमुने हवेत: एक सरळ, एक किंचित डावीकडे कललेला, एक खाली निमुळता, एक जरा आखूड. फॉन्टमध्ये नियम लिहून ते आळीपाळीने आणता येतात.

मराठीला याची गरज इतरांपेक्षा जास्त, कारण आपली नातीच दुहेरी अक्षरांची. काका, मामा, दादा, नाना, बाबा. आणि निम्मी दुकानं त्यांच्याच नावाने. ‘मामा मिसळ’ असं लिहिलं की पहिले दोन ‘मा’ हुबेहूब एकसारखे येतात आणि तिसरा ‘म’ही तसाच. कुठल्याही माणसाच्या हातून हे होणार नाही. डोळ्याला कारण कळत नाही, पण हे छापील आहे एवढं मात्र लगेच कळतं. सगळ्याच अक्षरांचे तीन-तीन नमुने करायचे म्हटलं तर जोडाक्षरांसकट काम आवाक्याबाहेर जातं. क, र, त, न, म, स, ल, काना, मात्रा आणि वेलांटी एवढ्यांचे केले तरी पाटीपुरतं भागतं.

शिरोरेघ अजिबात न देण्याचाही एक मार्ग आहे. घाईत लिहिताना आपण सगळेच ती गाळतो, आणि असे फॉन्ट तरुण, हलके दिसतात. पण ध आणि घ, भ आणि म यांच्यातला फरक बराचसा रेघेतल्या तुटीवर उभा आहे. रेघ गेली की तो सगळा भार डोक्यावरच्या गाठीवर येतो. म्हणून बिनरेघेच्या फॉन्टमध्ये ध आणि भ यांची गाठ जवळजवळ अतिशयोक्ती वाटावी इतकी स्पष्ट वळवावी लागते. ‘धन’ आणि ‘घन’, ‘भात’ आणि ‘मात’ शेजारी ठेवून चार पावलं मागे जायचं. वाचायला क्षणभर जरी थांबावं लागलं तरी तो फॉन्ट पाटीला घेऊ नये. ‘ख’चंही तसंच. त्याचा पाय जोडलेला नसेल तर तो ‘रव’ होतो, मग ‘खवा’ आणि ‘रववा’ यातलं काय विकायला आहे ते गिऱ्हाइकाने ओळखायचं.

ल आणि श यांच्याबद्दल मी हट्टी आहे. मराठीचा ल पाकळीचा, श देठाचा. हिंदी वळणाचे ल-श घातलेला फॉन्ट कितीही सुंदर असला तरी नाशिकमधल्या पाटीवर तो परगावचा दिसतो, आणि ‘नाशिक’ या शब्दात तर मधोमध श बसलेला आहे. बऱ्याच चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय मराठी वळण येत नाही. इनडिझाइनमध्ये भाषेच्या खान्यात मराठी निवडायचं, वेबपानावर भाषेचा कोड मराठीचा द्यायचा. या एका गोष्टीने कित्येक कामं सुधारतील.

फॉन्ट पारखायला नाशिकने आयता शब्द दिलेला आहे: त्र्यंबकेश्वर. त, र, य असे तीन एकत्र, वर अनुस्वार, पुढे मात्रा, मग श्व. कच्चा फॉन्ट पहिल्याच अक्षराला हलन्त दाखवून मोकळा होतो. त्याच्या जोडीला ‘खोऱ्यात’ लिहून पाहायचं, म्हणजे चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे का ते कळतं. हा र मराठीला रोज लागतो, आणि हिंदीचा विचार करून केलेल्या फॉन्टमध्ये तो विसरला जातो. ‘ॲकॅडमी’ तर लिहूनच पाहावं, क्लासच्या प्रत्येक पाटीवर ते असतं. अ वर चंद्र हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरसाठीच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, २००८ साली आलं. त्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये ते नसतं आणि मग पहिलं अक्षर दुसऱ्याच फॉन्टमधून येऊन बसतं किंवा रिकामा चौकोन दिसतो.

सगळ्यात जास्त पाहण्यासारखे मात्र तीन साधे शब्द: ‘सर्वांचे सहर्ष स्वागत’. कुठल्याही कमानीवर, लग्नाच्या मांडवावर, उद्घाटनाच्या फ्लेक्सवर हेच असतं. ‘र्वां’ मध्ये रफार आणि अनुस्वार दोघंही एका कान्याच्या डोक्यावर येतात. जाड मार्करच्या वळणाचा फॉन्ट असेल तर दोन्ही चिकटून एक काळा गोळा होतो. जाणकार माणूस या जोडीचं वेगळं चित्र काढतो. रफाराचा बाक जरा लहान करतो, अनुस्वाराचा ठिपका उजवीकडे सरकवतो आणि मध्ये रेघेच्या निम्म्या जाडीइतकी मोकळी जागा ठेवतो. ‘सहर्ष’मध्ये नुसता रफार आहे, तिथे तोच बाक पूर्ण आकारात चालतो. दोन रफार शेजारच्या शब्दांत, वेगवेगळ्या मापाचे, आणि तरीही एकाच हातचे वाटले पाहिजेत. या एका ओळीवरून फॉन्ट करणाऱ्याचा हात कळतो.

वेलांटीचीही अशीच परीक्षा. ऱ्हस्व वेलांटीचा बाक अक्षराच्या दांडीपर्यंत पोचायला हवा. ‘रि’ अरुंद, ‘शि’ रुंद, ‘स्थि’ त्याहून रुंद. कमीत कमी तीन-चार लांबीच्या वेलांट्या नसतील तर रुंद अक्षरावर बाक अर्ध्यातच संपतो आणि वेलांटी मागच्या अक्षराची वाटू लागते.

असा फॉन्ट करायचा तर सुरुवात कागदावरच. ब्रशपेन किंवा बोथट टोकाचा मार्कर, शाई न फुटणारा गुळगुळीत कागद, तीन ते चार सेंटिमीटर उंचीचं अक्षर. निळ्या पेन्सिलीने फक्त वरची ओळ आखायची, खालची आखायची नाही, म्हणजे पाय आपोआप वरखाली पडतात. सुटी अक्षरं कधीही लिहू नयेत. बाराखडी लिहायला बसलं की हात शाळकरी होतो. शब्द लिहायचे, एकेक अक्षर पाच-सहा वेगवेगळ्या शब्दांत आणायचं आणि त्यातलं निवडायचं. ६०० डीपीआयला स्कॅन केल्यावर सॉफ्टवेअरकडून आपोआप रेखाकृती करून घेण्याचा मोह होतो. तशा आकृतीत एका ‘ब’ला शंभरावर बिंदू पडतात. मोबाइलवर ते खपतं. दहा फुटी पाटीवर कागदाचा प्रत्येक तंतू दात काढून दिसतो. ते चित्र खाली ठेवून वरून हाताने पुन्हा रेखाटावं, वळणाच्या टोकांना बिंदू द्यावेत. वीस-पंचवीसमध्ये ‘ब’ होतो आणि ब्रशचा झोतही राहतो. जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेलांट्यांचे नमुने धरून आकृत्यांची संख्या काही शेकड्यांत जाते. रोमन अक्षरांचा असा फॉन्ट आठवड्यात उरकतो, देवनागरीला महिने लागतात. आपल्याकडे हे फॉन्ट कमी का, याचं दुसरं उत्तर इथे आहे. फॉन्टफोर्ज हे फुकट सॉफ्टवेअर या कामाला पुरतं.

तयार वापरायचे तर काही चांगले मुक्त परवान्याचे फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा ‘कलम’ पेनच्या हाताचा, तीन जाड्यांत मिळतो. छोटी वाक्यं, अवतरणं, आमंत्रणातला मजकूर याला तो बरा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘बालू’ गुबगुबीत आणि गोल, खेळण्यांपासून खाऊपर्यंत चालतो. त्यांचाच ‘मोदक’ इतका भरलेला आहे की अक्षराच्या आत नुसत्या फटी उरतात, त्यामुळे तो दोन-तीन शब्दांपलीकडे नेऊ नये. मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला ‘यात्रा वन’ पेंटरच्या चपट्या ब्रशची आठवण राखतो. डीटीपीवाल्यांकडे जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टचा मोठा साठा असतो आणि त्यात हस्ताक्षरी वळणं भरपूर आहेत. पाटीला, पत्रिकेला ते जरूर वापरावेत. पण तोच मजकूर व्हॉट्सॲपवर किंवा वेबपानावर टाकला की रोमन चिन्हांचा कचरा होतो. ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ असं लिहिलेला फॉन्ट चिवड्याच्या पाकिटावर छापता येत नाही, हे डिझाइन करून घेणाऱ्यानेही विचारून घ्यावं.

फॉन्टची एक मर्यादा कायम राहते. कमल शेडगे नाटकांच्या नावांची अक्षरं रेखाटत तेव्हा ते त्या नावासाठी अक्षर वळवत. त्या नावातला ‘ल’ दुसऱ्या नावात तसा नसे. दुकानाचं नाव आयुष्यभर तेच राहणार असेल तर फॉन्टपेक्षा एखाद्या सुलेखनकाराकडून ते लिहून घ्यावं आणि रोजच्या बदलत्या मजकुराला फॉन्ट ठेवावा.

कुठे वापरावा? जिथे कुणीतरी माणूस माणसाशी बोलतोय तिथे. मिसळीच्या फळ्यावरचा ‘आज काय’, बेदाण्याच्या पाकिटावरचं नाव, वाइनरीतल्या चाखण्याच्या यादीचं शीर्षक, बारशाची पत्रिका, लहान मुलांच्या शिबिराचं पोस्टर, पाडव्याच्या स्वागतयात्रेचा फलक. नाव किंवा एक ओळ एवढंच. घटक पदार्थ, एमआरपी, पत्ता, फोन नंबर हे सगळं साध्या सरळ फॉन्टमध्ये. आकड्यांबाबत विशेष जपावं. सैल वळणात १ आणि ९, तसेच ५ आणि ६ एकमेकांच्या फार जवळ जातात आणि भावफलकावर ते परवडत नाही. शोकसंदेशाला हे वळण नको. सिंहस्थातल्या दिशादर्शक फलकांना तर मुळीच नको. रामकुंडाकडे जाणाऱ्या गर्दीत वृद्ध माणसाला चालता चालता वाचायचं असतं, तिथे रुंद, उघड्या पोटाची, सरळ अक्षरं हवीत.

द्राक्षाच्या पेटीची गोष्ट वेगळी. पन्हाळीच्या पुठ्ठ्यावर रबरी ठशासारखी छपाई होते, शाई पसरते, पुठ्ठ्याच्या लाटांवर दाब सारखा पडत नाही. ब्रशच्या वळणातली निमुळती टोकं तिथे तुटतात आणि ळ, क्ष, ह यांच्या गाठी भरून जातात. छापील मापात मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ ठेवू नये, गाठी आधीच थोड्या उघडून द्याव्यात. पांढरं अक्षर गडद पट्टीवर सोडायचं असेल तर आणखी एक जाडी वर जावं.

मांडणीतल्या चुका ठरलेल्या आहेत. इलस्ट्रेटरमध्ये किंवा जुन्या फोटोशॉपमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा कंपोझर, म्हणजे मजकूर जुळवणारी सेटिंग, निवडलेला नसेल तर वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. अक्षरांमधलं अंतर वाढवायला जाऊ नये, शिरोरेघ तुटते. रेघेचा फॉन्ट असेल तर हे अंतर शून्यच ठेवायचं. एकाच जाडीच्या फॉन्टवर बोल्डचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर कडा फुगवतं आणि पोकळ्या बुजतात. ओळींमधलं अंतरही रोमनच्या सवयीने ठेवू नये. ‘गुरुकृपा’ वर आणि ‘मिठाई’ खाली असं लिहून पाहा: वरच्या ओळीचे उकार आणि ऋकार खालच्या वेलांट्यांत घुसतात. फॉन्टच्या मापाच्या दीडपटीपासून सुरुवात करावी आणि शब्द पाहून कमी करावं.

अक्षराला बाहेरून रंगीत कड द्यायची असली की रेघेच्या तुकड्यांचं आधी सांगितलेलं एकमेकांवर चढणं अंगाशी येतं. प्रत्येक अक्षराला वेगळी कड लागते आणि सांध्यावर उभ्या रेघा दिसतात. रेडियम कटिंगला, म्हणजे चिकटवायच्या रंगीत कागदातून अक्षरं कापायला, तर याहून वाईट, यंत्र प्रत्येक सांध्यावर कापतं आणि शब्द चिकटवताना तुकडे हातात येतात. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यूने मजकुराच्या आकृत्या करून मग वेल्डने त्या एकत्र जोडायच्या, इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधून एकत्र करायचं. त्यानंतर शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, म्हणून ते आधी कुणाकडून तरी वाचून घ्यावं. ॲक्रिलिकची अक्षरं कापून घेताना शिरोरेघेमुळे बहुतेक वेळा अख्खा शब्द एकसंध निघतो, ही आपल्या लिपीची मोठी सोय. सुटे राहतात ते अनुस्वार आणि नुक्ते. त्यांना मागून वेगळी पट्टी किंवा पिन लागते, नाहीतर पहिल्या पावसात ‘पंचवटी’ची ‘पचवटी’ होते.

मापाचा हिशोब सोपा आहे. एक इंच उंचीचं रोमन अक्षर दहा फुटांवरून आरामात वाचता येतं असं पाटीवाले धरतात. सैल वळणाच्या देवनागरीला मी दीडपट धरते, आणि उंची शिरोरेघेपासून पायापर्यंत मोजायची. रस्त्यापलीकडून, साठ फुटांवरून वाचायचं तर नऊ इंच. वर वेलांटी आणि खाली उकार यांना मिळून आणखी साधारण सहा-सात इंच लागतात. म्हणजे तीन फूट उंचीच्या पाटीवर अशी एकच ओळ नीट बसते, तिच्याखाली पत्त्याची एक बारीक ओळ, आणि भोवती श्वास घ्यायला जागा. दुसरं मोठं वाक्य त्यात कोंबू नये. छापायला देण्याआधी नावातलं सगळ्यात गुंतागुंतीचं जोडाक्षर खऱ्या मापात चार ए-४ कागदांवर छापून, जोडून, दुकानाच्या दर्शनी भागावर चिकटवावं आणि रस्ता ओलांडून पाहावं. एकदा दुपारच्या उन्हात, एकदा दिवे लागल्यावर.